हॉटेलात रोज दोन टँकर लागतात; पाणी जातंय कुठे?

लॉजमालक | ५ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पुणे स्टेशनच्या अंगाला आमचं छोटं हॉटेल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. वर २८ खोल्या, खाली ६० खुर्च्यांचं उपाहारगृह. महापालिकेचं पाणी सकाळी दीड तास येतं, त्यात ८,००० लिटरच्या आसपास पदरात पडतं. बाकी सगळी भिस्त टँकरवर. तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यातही दिवसाला एक टँकर पुरायचा. यंदा दोन लागतात, दहा-दहा हजार लिटरचे. म्हणजे रोजचे २८,००० लिटर झाले. खोल्या तर निम्म्या-पाऊणच भरलेल्या असतात.

प्लंबर म्हणतो, "जुनी बिल्डिंग आहे शेठ, एवढं चालायचंच." मॅनेजर म्हणतो, पाहुणे फार पाणी वापरतात. मला दोन्ही पटत नाही.

काल संध्याकाळी टँकर खाली होत होता तेव्हा मागच्या वस्तीतल्या दोन बायका कळशा घेऊन आल्या. पाइपाच्या जोडातून जी धार गळत होती तिच्याखाली त्यांनी कळशी धरली. मी टँकरवाल्याला थांबवून दोघींच्या कळशा भरून दिल्या, पण मनातून ते गेलं नाही. जे पाणी माझ्याकडे कुठे जातं हेच मला ठाऊक नाही, त्याच्या गळतीवर कुणाचं तरी घर चालतंय.

खर्च करायची तयारी आहे, फक्त योग्य जागी व्हावा. सुरुवात कशापासून करू? शॉवर बदलू, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बसवू, की आणखी काही?

मुठेकाठी | ६ मे, सकाळी ७:१०

नळांना जाळीवाले एरेटर बसवा. साधा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, एरेटर लावला की तीन ते सहावर येतो. सगळ्यात स्वस्त उपाय.

नळजोड | ६ मे, सकाळी ८:३५

एरेटर बसवा, पण आधी हिशेब मांडू या. भारतीय मानक ११७२ मध्ये इमारतीच्या प्रकाराप्रमाणे पाण्याची गरज दिलेली आहे. हॉटेलला दर खाटेमागे १८० लिटर, उपाहारगृहाला दर खुर्चीमागे ७० लिटर, कार्यालयाला माणशी ४५ लिटर.

२८ खोल्या म्हणजे ५६ खाटा धरू. ५६ गुणिले १८० म्हणजे १०,०८०. साठ खुर्च्यांचे ४,२००. एकूण १४,२८०, तेही हॉटेल गच्च भरलेलं असताना. तुम्ही त्याच्या दुप्पट वापरताय आणि खोल्या रिकाम्या आहेत. पाहुणे कितीही उधळे असले तरी एवढा फरक त्यांच्याने पडत नाही. पाणी कुठेतरी सतत वाहतंय.

एक विचारतो. सगळे झोपलेले असताना तुमचं हॉटेल किती पाणी पितं, हे तुम्ही कधी मोजलंय का?

लॉजमालक | ६ मे, सकाळी ९:०५

नाही मोजलं. महापालिकेच्या नळाला मीटर आहे, पण टँकर थेट खालच्या टाकीत उतरतो. वर किती चढतं, त्याची नोंदच नाही.

सदाशिवपेठी | ६ मे, सकाळी १०:२२

स्पष्ट लिहितो, राग नसावा. शहराच्या जलवाहिन्यांमधली गळती खुद्द महापालिका मान्य करते. रस्त्यात पाइप फुटला की दोन-दोन दिवस पाणी वाहतं. अशा वेळी एका हॉटेलवाल्याने नळाला जाळ्या लावून काय साधणार? २०१९ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या अनेक हॉटेलांनी अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली होती, त्याचं केवढं कौतुक झालं. अर्ध्या ग्लासात असतं किती पाणी? आधी मोठी भोकं बुजवायला हवीत.

अन्नपूर्णा | ६ मे, सकाळी ११:००

सदाशिवपेठी, मी बावीस वर्षं खानावळ चालवली. अर्ध्या ग्लासात किती पाणी ते सांगते. माणूस बसला की ग्लास भरायचा, तो दोन घोट पिऊन उठायचा, उरलेलं मोरीत. गर्दीच्या दिवशी तीनशे पानं उठायची. तीनशे उष्टे अर्धे ग्लास म्हणजे दोन मोठ्या बादल्या प्यायचं पाणी. आणि ते आरओचं असलं तर तेवढ्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी आधीच गटारात गेलेलं असतं. मी शेवटी टेबलावर तांब्या ठेवायला लागले. ज्याला हवं तेवढं तो घेतो, मागणारा खोळंबत नाही.

शहराची गळती तुम्ही म्हणता ती खरीच. पण ती दुरुस्त होईपर्यंत आपली मोरी वाहती ठेवायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

भीमाथडी | ६ मे, दुपारी १:१५

मी इंदापूरचा. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी साठा होतो. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. त्यातूनच पुणं पितं, आणि त्यातूनच मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरला आवर्तन येतं. उन्हाळी आवर्तन सुटणार की नाही याची आम्ही बैठकीच्या बातमीपासून वाट बघतो. कालव्याच्या टोकाला पाणी पोचेस्तोवर ऊस वाळतो, कडवळ जळतं, जनावर विकायची पाळी येते. आमच्याकडेही पाटाचं पाणी रात्रभर मोकळं सोडणारे आहेत, ते मी नाकारत नाही. ठिबक उशिरा आलं. पण हॉटेलवाल्या दादांनी "पाणी जातंय कुठे" असं विचारलं, त्याचं आम्हाला बरं वाटलं. तुमच्याकडचा टँकर बहुधा कडेच्या एखाद्या गावातल्या विहिरीवर भरतो. त्या विहिरीच्या शेजारीही कुणाचं तरी शेत असतं.

लॉजमालक | ६ मे, दुपारी २:४०

भीमाथडी दादा, तुमचं लिहिणं कामाचं आहे, थांबू नका. टँकरवाल्याला आज विचारलं. मांजरी गावाच्या पुढच्या एका विहिरीवर भरतो म्हणाला.

चादर_टॉवेल | ६ मे, सायंकाळी ६:३०

मी पंधरा वर्षं हाउसकीपिंगमध्ये आहे, सध्या एका मोठ्या हॉटेलात. आतल्या चार गोष्टी सांगते.

पाहुणा आंघोळीला किती पाणी घेतो ते शॉवरवर ठरतं, पण त्याआधी किती वाया घालवतो ते गरम पाण्याच्या पाइपावर ठरतं. तुमचा सोलर गच्चीवर आणि खोली पहिल्या मजल्यावर असेल तर तोटी सोडल्यावर आधी पाइपातलं सगळं थंड पाणी यावं लागतं. पाहुणा तोवर मोबाइल बघत उभा राहतो, पाणी वाहत राहतं. आमच्या जुन्या हॉटेलात मी बादली लावून मोजलं होतं, शेवटच्या खोलीत गरम पाणी यायला एक बादली भरून वर सांडली. तिथे नंतर गरम पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन टाकली, तेव्हा हे थांबलं.

दुसरं, खोलीत चांगली बादली-मग ठेवा. आपल्याकडचे कितीतरी पाहुणे शॉवर असूनही बादली मागतात. बादलीची आंघोळ वीस-पंचवीस लिटरमध्ये होते. शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल आणि माणूस आठ मिनिटं उभा राहिला तर ऐंशी लिटर जातात.

तिसरं, चादरी-टॉवेल. रोज बदलू नका, पण पलंगावर कार्ड ठेवून भागत नाही. आमच्याकडे कार्ड होतंच, तरी मुली रोज सगळं गोळा करायच्या, कारण सुपरवायझर खोली तपासताना टॉवेल वापरलेला दिसला की त्यांनाच बोलायचा. पाहुण्याने टॉवेल दांडीवर टांगला असेल तर तसाच ठेवल्याबद्दल कुणाला बोल लागणार नाही, हे आधी सुपरवायझरला सांगावं लागलं. मग फरक पडला.

चौथं, खोली साफ करताना मुली फ्लश किती वेळा ओढतात तेही बघा. जुन्या फ्लशच्या टाक्या एका ओढीला दहा लिटरच्या वर घेतात. नव्या दोन बटणांच्या तीन आणि सहा लिटरच्या असतात.

नळजोड | ६ मे, रात्री ८:१०

ताईंनी पाइपाचं लिहिलंय ते अगदी बरोबर. आकडा जोडतो. एक इंची पाइपात मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. तीस मीटर लांब पाइप म्हणजे जवळजवळ १५ लिटर. पहाटे प्रत्येक मजल्यावरचा पहिला उठणारा तेवढं सोडून देतो.

पण हे सगळं नंतर. लॉजमालक, आधी रात्रीची परीक्षा घ्या. गच्चीवरच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. खानावळ बंद झाली की टाकी भरून मोटार बंद करा, पहाटेपर्यंत कुणाला चालू करू देऊ नका. बांबूची काठी टाकीत उभी धरून पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, पहाटे पुन्हा बघा. मीटर नसला तरी काठी खोटं बोलत नाही.

हिंजवडीचा_चिलर | ७ मे, सकाळी ९:४५

धाग्याचं नाव हॉटेलचं असलं तरी व्यापारी इमारतींचंही लिहायला हरकत नसावी. मी एका आयटी पार्कची देखभाल बघतो. आमच्याकडे माणशी वापर फारसा नाही, खरी तहान कूलिंग टॉवरला.

वातानुकूलनाची उष्णता बाहेर टाकायला टॉवरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं. ढोबळमानाने एक टन क्षमतेमागे तासाला साडेसहा लिटर. १०० टनांचं यंत्र पूर्ण भाराने चाललं तर तासाला ६५० लिटर हवेत. ते टाळता येत नाही. पण पाणी उडालं तरी त्यातले क्षार मागे राहतात, पाणी जड होत जातं, म्हणून थोडं पाणी अधूनमधून सोडून द्यावं लागतं. त्याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. खरी बचत तिथे आहे. क्षार तिप्पट झाल्यावर सोडलं तर उडालेल्याच्या निम्मं, म्हणजे तासाला ३२५ लिटर गटारात. पाणी मऊ करून, रसायनाचा डोस नीट सांभाळून सहापट होऊ दिलं तर फक्त १३०. दहा तासांच्या दिवसात १,९५० लिटरचा फरक, एका १०० टनांच्या यंत्रामागे.

आमच्याकडे आधीच्या माणसाने ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह कायमचा थोडा उघडा ठेवला होता, "म्हणजे काही बिघडत नाही" म्हणून. दोन वर्षं तो तसाच होता. आता तिथे क्षार मोजणारा सेन्सर आहे, गरज पडली तरच व्हॉल्व्ह उघडतो.

बचतीच्या नादात टॉवरचं जंतुनाशक मात्र कमी करू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि तुषारांतून माणसाच्या फुप्फुसात जातो. हॉटेलवाल्यांनीही गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवावी. वीज वाचवायला ४० वर ठेवली की त्या जंतूला ते मानवतं.

बाणेरची_बाल्कनी | ७ मे, सकाळी ११:२०

एसटीपीबद्दल विचारलंय म्हणून आमचा अनुभव. आमचं दुकानं आणि कार्यालयांचं संकुल आहे. एसटीपी पहिल्यापासून होता, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला जायचं. दोन वर्षांपूर्वी त्याला असा वास यायला लागला की दुकानदारांनी ओरड केली. समितीने फ्लशला टँकरचं पाणी चालू केलं आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं.

मला ते लागून राहिलं. एकदा रात्री दहाला खाली गेलो तर प्लांट गप्प. हवा सोडणारा ब्लोअर बंद. ऑपरेटरने सरळ सांगितलं, वीज वाचवायला ठेकेदाराने रात्री बंद ठेवायला सांगितलंय. अहो, प्लांटमध्ये घाण खाऊन पाणी शुद्ध करणारे जंतू हवेवरच जगतात. आठ-दहा तास हवा तोडली की तेच मरतात आणि पाणी सडतं. ब्लोअरला तास मोजणारं छोटं मीटर बसवलं, ठेक्याच्या कागदात तासांची अट घातली. साधारण तीन आठवड्यांत वास गेला. आता फ्लश आणि बाग दोन्ही त्याच पाण्यावर.

तुमच्या २८ खोल्यांना एसटीपी बसवाच असं मी म्हणणार नाही. जागा लागते, वेगळी पाइपलाइन लागते आणि रोज लक्ष द्यायला माणूस लागतो. माणूस नसेल तर नका बसवू.

सिंहगड_रस्ता | ७ मे, दुपारी १२:३०

पाणी किती यावर सगळे बोलताय, कसं यावरही बोला. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणारा आजार, दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला) रुग्ण निघाले तेव्हाचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. शेजारचा तरुण मुलगा महिनाभर रुग्णालयात होता. तेव्हापासून टँकर आला की क्लोरीन तपासल्याशिवाय टाकीत घेऊ देत नाही. ओटी टेस्टची बाटली औषधांच्या दुकानात मिळते, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे. हॉटेलात तर हे रोजचं हवं.

लॉजमालक | ७ मे, दुपारी १:०५

सिंहगड_रस्ता, धन्यवाद. आजच आणवतो. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

नहरवाला | ७ मे, रात्री ९:५०

थोडं अवांतर, पण अगदीच बाहेरचं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत बंद नहर आणला होता. मोटार नाही, पंप नाही, सगळा उताराचा खेळ. वाटेत पेठांमधले हौद भरायचे. मला त्यातली उच्छ्वासांची योजना फार आवडते. ठरावीक अंतरावर वर उघडणारी ही विहिरीसारखी तोंडं. त्यातून हवा खेळायची, गाळ काढता यायचा आणि माणूस खाली उतरून नहराचा तेवढाच टप्पा बघू शकायचा. पाणी कुठे अडतंय, कुठे मुरतंय, ते टप्प्याटप्प्याने कळायचं.

लॉजमालक, तुमच्या इमारतीतही तसेच टप्पे पाडून बघा. गच्चीवरच्या टाकीतून किती उभ्या लाइनी खाली उतरतात? एकेका लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून काठी बघत गेलात की दोषी लाइन आपोआप सापडेल.

सदाशिवपेठी | ७ मे, रात्री १०:१५

हे मात्र आवडलं. काल मी काय साधणार म्हणून लिहिलं होतं, पण शोधायची ही रीत पटली. निकाल इथे लिहा.

मुठेकाठी | ७ मे, रात्री १०:२०

उच्छ्वास बघायला कुठे मिळतात? मुलीला दाखवायचे आहेत.

नहरवाला | ७ मे, रात्री १०:४१

काही अजून शाबूत आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

लॉजमालक | १० मे, सकाळी ६:१५

मंडळी, रात्रभर गच्चीवर होतो. झोपायच्या आधी लिहून टाकतो.

टाकी आतून अडीच मीटर बाय दोन मीटर. म्हणजे काठीवर एक सेंटिमीटर उतरला की ५० लिटर गेले. परवा रात्री साडेअकराला मोटार बंद केली, किल्ली खिशात घातली. बांबूवर खडूने रेघ मारली. पहाटे साडेपाचला काठी पुन्हा घातली तर पाणी ६४ सेंटिमीटर खाली. ३,२०० लिटर! मुक्कामाला सतरा खोल्या होत्या, सगळे झोपलेले, स्वयंपाकघराला कुलूप. मी ती ओली काठी हातात धरून पाच मिनिटं तसाच उभा होतो.

काल रात्री नहरवाल्यांनी सांगितलं तसं केलं. चार लाइनी उतरतात. बाकीच्या बंद करून एकेकच चालू ठेवली आणि तासभर काठी बघितली. पहिली, दुसरी जवळजवळ कोरडी. तिसरी, म्हणजे मागच्या बाजूच्या खोल्यांची, तिच्यावर काठी हलायला लागली. आणि चौथीवर तर सरळ उतरत होती. चौथी जाते खाली, उपाहारगृहाच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात.

खाली गेलो. चार युरिनल आहेत. वास येऊ नये म्हणून कुणीतरी चारही कॉक थोडे उघडे ठेवलेले. धार एवढी बारीक की भिंतीला चिकटून उतरते, आवाज नाही, दिसतही नाही. हात लावला तेव्हा कळलं. खाली डबा धरून मोजलं, एकेकातून मिनिटाला एक लिटर. चारांचे तासाला २४०. दिवसाचे ५,७६०.

खोल्यांतल्या फ्लशच्या टाक्या आज दुपारी तपासतो.

अन्नपूर्णा | १० मे, सकाळी ७:००

टाकीत खायचा लाल रंग चिमूटभर टाका, फ्लश करू नका, अर्ध्या तासाने भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर टाकी गळतेय. जिलेबीचा रंग आणलेला असेलच तुमच्याकडे.

चादर_टॉवेल | १० मे, सकाळी ८:२०

युरिनलचे कॉक कुणी उघडे ठेवले ते शोधून त्याला रागावू नका. वास आला की सफाईवाल्यालाच बोलणी बसतात, त्याने त्याच्या परीने मार्ग काढला असेल. पुश कॉक बसवा आणि दर दोन तासांनी धुण्याची पाळी लावा.

लॉजमालक | १० मे, सकाळी ८:४५

ताई, बरं झालं लिहिलंत. माझ्या तोंडावर आलं होतं त्याला बोलायचं. गेल्या वर्षी एका पाहुण्याने वासाची तक्रार केली तेव्हा मीच त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, ते आठवलं.

लॉजमालक | १२ मे, रात्री १०:३०

अन्नपूर्णाताईंचा जिलेबीचा रंग अचूक निघाला. २८ पैकी ९ टाक्यांच्या भांड्यात लाल ओघळ उतरला. आतलं रबर कडक होऊन गेलंय, बसतच नाही. येणारा कॉक बंद करून टाकीत पेन्सिलची खूण केली आणि पाच मिनिटांत किती उतरतं ते मोजलं, सरासरी दोन लिटर. म्हणजे एकेकीतून मिनिटाला ४०० मिली. नऊ टाक्यांचे तासाला २१६ लिटर.

युरिनलचे २४० आणि हे २१६ मिळून तासाला ४५६. सहा तासांचे २,७३६. काठीने दाखवले ३,२००. उरलेले साडेचारशे लिटर म्हणजे रात्री उठणारे पाहुणे आणि वॉचमन. ताळा जुळला. आणि दिवसाला धरलं तर जवळजवळ ११,००० लिटर. रोजचा एक अख्खा टँकर मी विकत घेऊन गटारात सोडत होतो, थोडं जास्तच.

नळजोड | १२ मे, रात्री १०:५५

उत्तम. नऊ रबरं आणि चार कॉक, यात मोठा खर्च काहीच नाही. उरलेल्या १९ टाक्यांची रबरंही आत्ताच बदला, तीही त्याच वयाची आहेत. आणि खालून वर जाणाऱ्या लाइनीवर एक मीटर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी रात्र जागायला लागणार नाही. वॉचमनला रात्री साडेअकरा आणि पहाटे साडेपाचचा आकडा वहीत लिहायला सांगा.

भीमाथडी | १३ मे, सकाळी ६:४०

दादा, तुमचा ११ हजारांचा आकडा कारभारणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्या गोठ्याला दहा-बारा दिवस पुरलं असतं.

अन्नपूर्णा | १३ मे, दुपारी ३:३०

आता स्वयंपाकघराकडे या. तिथे गळती नसते, सवयी असतात. मटार, चिकन वितळवायला वाहत्या नळाखाली ठेवतात का बघा. रात्रीच डीप फ्रीजमधून खाली साध्या फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी पाणी न घालता तयार. भांडी घासताना खरकटं पाण्याच्या धारेने उडवतात का तेही बघा. आमच्या मावशी आधी डब्यात झाडून घ्यायच्या, मग एका टबात भिजत, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात विसळण. नळ फक्त टब भरायला. आणि आरओचं सोडलेलं पाणी पिंपात घ्या, फरशी पुसायला आणि टब भिजवायला चालतं.

पावसाळी | १४ मे, सकाळी १०:०५

जून तोंडावर आहे. लॉजमालक, गच्ची किती मोठी आहे? पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३०० चौरस मीटर गच्ची असेल, वीसेक टक्के वाया जाईल असं धरलं, तरी १,६८,००० लिटर होतात. म्हणजे सोळा-सतरा टँकर.

नळजोड | १४ मे, सकाळी १०:४०

सगळं चार महिन्यांत येणार आणि साठवायला जागा नाही, ही शहराच्या मधल्या हॉटेलांची अडचण. बोअरमध्ये सोडायचं तर खाली आपला काळा बेसाल्ट. त्याच्या भेगा जिथे आहेत तिथेच पाणी मुरतं. भूजलाची माहिती असलेल्या माणसाला जागा दाखवल्याशिवाय खड्डा खणू नका, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाजूला काढायची सोय हवीच.

पावसाळी | १४ मे, सकाळी ११:१५

मान्य. पण साठवलं नाही तरी वापरता येतं. पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून थेट फ्लशच्या लाइनीला द्यायचं. आमच्या कार्यालयात दोन हजार लिटरची एकच टाकी आहे, पाऊस असला की दिवसातून दोनदा भरते नि रिकामी होते.

लॉजमालक | २४ मे, रात्री ११:५०

रबरं सगळी बदलली, युरिनलला पुश कॉक बसले, मीटर लागला. काल रात्रीची काठी फक्त १० सेंटिमीटर उतरली. गेले नऊ दिवस एकच टँकर येतोय. दोन दिवस तर त्यातलंही पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलं. दुपारी तीन तास भटारखान्यात उभा होतो, अन्नपूर्णाताईंनी लिहिलेल्या तिन्ही गोष्टी तिथे चालू होत्या. टब आणले आहेत. परतीची गरम लाइन दिवाळीनंतर करीन, खर्च मोठा आहे. गच्ची २६० चौरस मीटर निघाली, मागच्या लाइनीवरच्या फ्लशला पावसाचं पाणी जोडायचं कोटेशन मागवलंय.

ज्यांनी कळशा भरून नेल्या होत्या त्या बायकांसाठी मागच्या भिंतीला एक तोटी काढून दिली आहे. टँकर येण्याची वाट बघायला नको. तिचाही आकडा वहीत लिहितोय.

वहीची जबाबदारी सफाईवाल्या पोराने आपणहून मागून घेतली. आज सकाळी माझ्या आधी तोच मीटरपाशी होता. दुसऱ्या मजल्यावर २०४ मध्ये फ्लश पुन्हा गळतोय म्हणाला, रबर उलटं बसवलं होतं.

सदाशिवपेठी | २५ मे, सकाळी ८:००

आमच्या संकुलात अठ्ठावीस दुकानं आहेत, गच्चीवर दोन टाक्या. शनिवारी रात्री मोजतो. बांबूवर खडू पाण्यात पुसला जात नाही का?

लॉजमालक | २५ मे, सकाळी ८:१२

पुसला जातो. दुसऱ्या रात्री करवतीने खाचा पाडल्या, दर सेंटिमीटरला एक. काठी हवी असेल तर घेऊन जा, स्टेशनकडे आलात की चहा घेऊ.